राखेत ठेवलेलं विमान

चंद्रपूरच्या बाजूला जमीन खोदली की कोळसा निघतो. कोरपन्याकडे खोदली की चुनखडी निघते आणि तिचं सिमेंट होतं. आणि कुरखेड्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला, एका गावाच्या शिवेत खोदली की विमान निघतं. पहिल्या दोन गोष्टी सांगितल्या की लोक मान डोलावतात. तिसरी सांगितली की माझ्या तोंडाकडे बघून हसतात. यात विमानाचा काही दोष नाही. माझी ख्यातीच तशी आहे.

माझं कुरखेड्याला वेल्डिंगचं दुकान आहे. आजा कल्हई करायचा. बाप जर्मनची भांडी ओतायचा. अल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, आणि का म्हणतात ते जर्मनीतल्या माणसालाही सांगता यायचं नाही. मी लोखंड जोडतो. लोखंड जोडता जोडता गोष्टीही जोडतो. माझा मेहुणा मोहर्लीला जंगल सफारीची जिप्सी चालवतो. त्याच्यासोबत एकदा जंगलात गेलो असता एका वाघानं जांभई दिली आणि त्याच्या दाढेत मी चांदी भरलेली पाहिली. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या तपशिलानं सांगितलं आहे की मेहुणा आता पर्यटकांना तो वाघ मुद्दाम दाखवतो. एका बाईनं तर दुर्बिणीतून चांदी पाहिलीसुद्धा.

तर असा मी. आणि ज्या माणसाला आयुष्यात एकदाच साक्षीदाराची गरज पडली, त्याच्या नशिबी मी आलो.

तो माझ्या बापाच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. गोंड शेतकरी, वय ऐंशीच्या आसपास, बांबूसारखा सरळ. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला मिस्त्री म्हणतो. जंगलालगत त्याची धानाची शेती. उन्हाळ्यात मोह वेचायचा, डिंक काढायचा, पावसाळ्यात रोवणं, म्हणजे भाताची लावणी, करायचं. बोलणं मोजकं. मी अर्धा तास बोललो की तो एकदा ‘हव’ म्हणायचा. पण विमानाचं सांगताना त्याचं बोलणं सुरू झालं की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं, यावरून काय ते समजा.

गोष्ट मोठ्या लढाईच्या काळातली. भाऊ तेव्हा आईच्या पोटात होता. रोवणं चालू होतं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, गुडघाभर चिखल. आभाळातून खोकत खोकत एक लहानसं विमान खाली आलं. रोवणाऱ्या बायांनी हातातल्या पेंढ्या टाकून चिखलात अंग टाकलं. विमान पोटावर घसरत गेलं, त्याचा एक पंख बोडीच्या पाळीला अडकून तुटला आणि बोडीत जाऊन पडला. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. उरलेलं विमान वरच्या मुरमाच्या टेकाडावर जाऊन थांबलं. आतून कपाळ फुटलेला एक गोरा पोरगा निघाला. भाऊच्या बापानं त्याला बाजेवर टाकलं आणि चार जणांनी खांद्यावरून मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊन पोचवलं. निघण्याआधी त्या पोरानं विमानाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि मग तोच हात भाऊच्या बापाच्या छातीवर ठेवला. भाषा कोणाला येत होती? पण याचा अर्थ गावात सगळ्यांना कळला. हे तुझ्याजवळ राहू दे, मी येतो.

तो आला नाही. दुसरं कोणी आलं नाही. पाऊस होता, नदी भरली होती. मग लढाई संपली आणि मग तर इंग्रजच निघून गेले.

आता ठेव सांभाळायची कशी? जंगलातल्या माणसाचा पहिला वैरी उधई, म्हणजे वाळवी. वाघ परवडला. वाघ एकदा खातो, उधई रोज खाते. खाट, खांब, दार, कपडे, जे जमिनीला टेकलं ते तिचं. तिच्यापासून आणि किडीपासून वस्तू वाचवायची गावाला एकच खात्रीची रीत माहीत होती, राख. लाखोळीचं बियाणं वर्षभर टिकवायचं तर ढोलीत, म्हणजे बांबूच्या मोठ्या कणगीत, राखेचा थर, मग बियाणं, मग राख. तसंच विमान ठेवायचं ठरलं. टेकाडावर मोठा खड्डा खोदला, लाकडाचे ओंडके सरकवतात तसं सगळ्या गावानं दांडे लावून विमान त्यात उतरवलं, आणि घराघरातून राख आणून त्यात गच्च भरली. राखसुद्धा साधी नाही. ऐनाच्या लाकडाची. तिच्यानं बाया कपडे धुवायच्या, इतकी ती तेज. त्या वर्षी गावानं मळके कपडे घातले, पण विमानाला राख कमी पडू दिली नाही.

बोडीत पडलेला पंख मात्र चिखलानं गिळला. दोर लावले, रेडे जुंपले, हलला नाही. भाऊचा बाप मरेपर्यंत तेच बोलत राहिला, की सगळं वाचवलं, एक पंख तेवढा हातचा गेला.

हे मी लोकांना सांगायचो तेव्हा थोडं वाढवायचो, कबूल. माझ्या तोंडून त्या विमानाला आधी दोन इंजिनं झाली, मग चार. लांबी म्हणाल तर कुरखेड्याच्या बसस्टँडपासून तहसीलपर्यंत. परिणाम असा झाला की भाऊची खरी गोष्टही लोक माझ्या वाघाच्या दाढेत टाकू लागले. बाजारात तो दिसला की कोणीतरी ओरडायचं, ‘काऊन बुढाजी, आज पायी? विमान पंक्चर झालं का?’ तो मिरच्या घ्यायचा आणि जायचा.

एका उन्हाळ्यात तो दुकानात आला. हातात काही दुरुस्तीचं सामान नाही.

‘जोहार मिस्त्री.’

‘जोहार भाऊ. बसा. पानी घ्या. काय तुटलं?’

‘काई नाई तुटलं. मोठी सब्बल पाह्यजे. विमान काढाचं आहे.’

सब्बल म्हणजे पहार. मी हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. ‘आता काऊन?’

‘रोड मोठा करून राह्यले ना. टेकाडावरून जाते तो. बोडीचा एक कोपरा बी बुजवनार. बाजाराच्या दिवशी मुरूम टाकनार म्हने. एकदा डांबर पडलं का मंग कोनाच्या बापानं बी निघनार नाई.’

‘पन भाऊ, आता न्यायले कोन येऊन राह्यलं?’

‘कोनी नाई येन.’

‘मंग?’

‘तो नाई आला, थे त्याचं. सांभाळाचं काम आमचं होतं. बाबानं मले सांगतलं, तुह्याजवळ राहू दे. रोडाखाली गेली तं मंग ठेव कायची? थे तं हरवनं झालं.’ मग म्हणाला, ‘आनि मले एकदा पाहाचं आहे. बाबानं चांगलं ठेवलं का नाई, थे मले माह्या डोळ्यानं पाहाचं आहे.’

बस, एवढंच त्याला पाहिजे होतं. ऐंशी वर्षांच्या माणसानं याहून कमी काय मागावं? मी दुकानाचं शटर ओढलं. घरी सांगायला गेलो तर बायको म्हणाली, ‘इस उमर में गड्ढा खोदने चले? अब तो अपना खोदने की उमर है.’ आणि तिनंच भाकरीचं फडकं हातात दिलं.

जाता जाता बाजारात मी जाहीर करून टाकलं की या आठवड्यात विमान निघणार, आणि असं निघणार की पत्र्यात तोंड पाहून दाढी करावी. राखेत उधई नाही, टेकाडावर पाणी साचत नाही, काय बिघडणार? पेट्रोल टाकलं की सरळ नागपूर. तलाठ्याच्या कानावर घालणं भाग होतं, म्हणून त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, ‘सातबाऱ्यावर विहीर असते, झाड असते. विमानाचा रकाना नाई बाप्पा. तुमी काढा, मी पाहायले येतो.’

टेकाडावर रस्त्याचं पिवळं मशीन उभंच होतं. त्याचा ऑपरेटर भला पोरगा. म्हणाला, ‘बुढाजी, सरका बाजूले. दोन बकेटात काढून देतो तुमचं विमान.’

भाऊनं त्या बकेटाचे दात बोटानं चाचपून पाहिले. ‘नाई पोरा. हा दात लागला का फाटन थे.’

‘हातानं कवा होईन?’

‘बाजाराच्या आधी.’

‘आनि नाई झालं तं?’

‘तं मी खड्ड्यातून निघत नाई. माह्यावर टाकजो मुरूम.’

हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की ऑपरेटरनं मशीनची किल्ली काढून खिशात घातली आणि पळसाच्या सावलीत जाऊन बसला.

आम्ही खोदायला लागलो. भाऊ, त्याची बायको आणि मी. त्याच्या बायकोला मी बाई म्हणतो. ती माझ्या दुप्पट माती टोपल्यात भरायची आणि वरून मला विसावा घ्यायला सांगायची. आमच्या भागातलं ऊन काय सांगू? सब्बल अशी तापायची की तिच्यावर पापड भाजावा. माझा घाम इतका गेला की खालच्या बांधीत पाणी साचलं आणि दोन बगळे येऊन उभे राहिले. बाई पेज आणायची, ती प्यायली की अंगात जीव यायचा. मुरूम कठीण होता, पण भाऊची सब्बल एका लयीत पडत होती. माझी तीनदा थांबायची, त्याची थांबायची नाही.

मग सब्बल एकदम फस्सकन आत गेली. बाहेर काढली तर टोकाला करडी भुकटी.

भाऊ गुडघ्यावर बसला. मूठभर उचलून नाकाशी नेली. ‘बाबाची राख!’

सावलीतला ऑपरेटर उठून उभाच राहिला. ‘ओ बुढाजी, तुमच्याकडे तं मेलेल्याले पुरतात ना? राख कुठून आली?’

‘अबे बाबा नाई,’ बाई म्हणाली, ‘बाबानं टाकलेली. चूप बस.’

राख इतक्या वर्षांनीही गच्च होती, कोरडी आणि मऊ. उधईचा मागमूस नाही. आता आम्ही सब्बल टाकली आणि हातानं उकरू लागलो. पहिल्यांदा लागली एक लोखंडी नळी. मी पुसली आणि माझेच डोळे मोठे झाले. तिच्यावरचा हिरवा रंग जागेवर होता. गंजाचा एक डाग नाही. कालच कोणी माझ्या दुकानातून वेल्ड करून नेली असावी अशी. एका नळीला दुसरी, तिला तिसरी, असा पिंजरा निघत गेला. वेल्डचे टाके मी मोजून पाहिले, एक सुटला नव्हता. कोण्या मिस्त्रीनं केले असतील, अल्ला त्याला सुखात ठेवो. मग रबरी चाक निघालं, हवा गेलेलं, पण चाक. मी वरती गोळा झालेल्या लोकांकडे पाहून ओरडलो, ‘पाहा! खोटं बोलतो का मी? पाहा!’

तोवर गावातले आणि बाजारातले बरेच जण जमले होते. तलाठीही छत्री घेऊन आला होता.

पण पत्रा लागेना.

नळ्यांचा पिंजरा आहे, त्याच्यावर कातडं हवं. आम्ही कडेनं जपून उकरलं. करड्या राखेत एक पांढरी रेघ दिसली, पापडाएवढी जाड. विमानाच्या पोटाची बरोबर गोलाई घेऊन ती रेघ गेली होती, रांगोळीसारखी. भाऊनं तिच्यावर बोट टेकवलं. बोट आत गेलं. पांढरी भुकटी उडाली आणि वाऱ्यावर गेली. दुसरीकडे हात लावला, तिथंही भुकटी. इंजिनाची लोखंडी नळकांडी शाबूत होती, पण ती ज्यात बसवली होती ते घर दह्यासारखं मऊ झालं होतं.

वरून पहिला आवाज आला, ‘मिस्त्री, दाढी कायच्यात करता?’

दुसरा म्हणाला, ‘पेट्रोल नोको आता. पानी टाका, चुना होईन. घराले लावू.’

लोक असे हसले की पळसावरची पाखरं उडाली. भाऊ त्या पांढऱ्या रेघेशेजारी बसला होता आणि तिला वारा लागू नये म्हणून त्यानं आपलं धोतर आडवं धरलं होतं.

काय झालं ते माझ्या ध्यानात आलं होतं. फार वर्षांपूर्वी मी कोरपन्याच्या बाजूला कामाला होतो. सिमेंट कारखान्यांच्या वसाहतीत खिडक्या बसवायचो. अल्युमिनियमची चौकट ओल्या सिमेंटला नुसती टेकली तरी ती खरबरीत, पांढरी व्हायची, पुढं भोकं पडायची. आणि त्याच सिमेंटात लोखंडाची सळई मात्र जन्मभर निरोगी. ऐनाची तेज राख म्हणजे जंगलातलं सिमेंटच, दर पावसाळ्यात ओल झिरपली की तेच काम करणारं. लोखंडाला तिनं पोटाशी धरलं आणि जर्मनला खाऊन टाकलं.

हे मी कसं सांगावं या विचारात होतो, तोवर बाईच बोलली. तिनं ती पांढरी भुकटी तळहातावर चोळून पाहिली होती.

‘जर्मनचं होतं व हे. जर्मनच्या भांड्याले राख लावाची नसते. मी लग्न होऊन आली तवा लावली होती, काळं पडलं, मंग भोक पडलं.’ मग ती वरच्या लोकांकडे वळली. ‘का हासून राह्यले? माह्या सासऱ्याच्या काळी गावात जर्मनचं एक भांडं तरी होतं का? मातीचं होतं, पितळेचं होतं. राखेनं पितळ सोन्यावानी होते. त्याले कसं कळन? तुमाले कळलं असतं का बे, छत्रीवाले?’

तलाठ्यानं छत्री जरा खाली घेतली.

भाऊ माझ्याकडे वळला. ‘मिस्त्री, राखेनं बुडवलं का?’

‘भाऊ, बसा आधी.’

‘बसलोच आहो. सांग. बाजारात सांगते तसं नोको सांगू.’

माझ्या जिभेवर एक छानसं खोटं तयार होतं. त्या पोराचं विमान आधीच फुटकं होतं, पत्रा हलका होता, विलायतेतच तसे बनवतात, असं काहीतरी. चाललं असतं. पण ज्यानं आयुष्यभर एक गोष्ट जशीच्या तशी सांगितली, एक इंजिन वाढवलं नाही, त्याच्यापुढे ते बाहेर पडेना.

‘पत्रा राखेनं खाल्ला,’ मी म्हणालो. ‘आनि लोखंड राखेनंच वाचवलं. राख नसती तं या नळ्या कवाच्या गंजून माती झाल्या असत्या. दोन्ही खरं आहे.’

त्यानं एका नळीवरची राख पुसली. ‘म्हन्जे अर्धं.’

‘हव. अर्धं.’

मला वाटलं, आता तो घरी जाईल. तो उठला, धोतर झटकलं आणि बोडीकडे चालू लागला. ऑपरेटर म्हणाला, ‘बुढाजी, आता कुठी?’

‘पंख.’

‘अरे थे तं चिखलात पडलं होतं ना? तुमच्या बाबानं नीट ठेवलेलं नाई वाचलं, तं चिखलातलं काय उरन?’

‘तिथी राख नव्हती,’ भाऊ म्हणाला, आणि फावडा उचलला.

खरं सांगतो, माझाही विश्वास नव्हता. ओल्या जमिनीत काय टिकतं? पण त्याच्या मागं न जाणं शक्य नव्हतं. बोडी उन्हानं आटली होती, वर भेगा पडल्या होत्या, एकेक भेग अशी की माझी एक चप्पल आत गेली ती अजून खाली पोचली नसेल. पण हातभर खाली गेलो तशी माती बदलली. काळी, चिकण, आम्ही तिला कन्हार म्हणतो. ओली, थंड आणि सडक्या अंड्यासारखी वासाची. फावडा आत गेला की ती सोडायची नाही, पाय आत गेला की पाय सोडायची नाही. भाऊच्या बापाचे रेडे का हरले ते त्या दिवशी कळलं. आणि तिच्यात एकही किडा नाही, मुळी नाही. हवा शिरायलाच जागा नव्हती.

आता हसणाऱ्यांपैकी दोघंतिघंही उतरले. लाजेनं म्हणा, नाहीतर नुसतं बघण्याचा कंटाळा आला म्हणून म्हणा. ऑपरेटरही पँट दुमडून आला.

बाईच्या फावड्याला आवाज झाला. टण्ण.

सगळे थांबले. तिनं पुन्हा हळूच टेकवला. टण्ण.

आमच्या घरात तीन पिढ्या धातू वाजवून ओळखतात. मेलेलं अल्युमिनियम बोलत नाही, हे बोलत होतं. आम्ही हातानं चिखल बाजूला केला. आधी एक कोपरा, मग कड, मग रिबिटांची, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांची, रांग, अगदी ओळीत, दोर लावून रोवणं केल्यासारखी. पोचे आले होते, तुटली तिथं कड फाटली होती, पण पत्रा पत्राच होता. मी नखानं खरवडलं, खाली पांढरी लख्ख चमक. ओल्या फडक्यानं पुसलं तेव्हा लढाईच्या विमानांवर खूण म्हणून असायच्या त्या निळ्या रंगाच्या वर्तुळाचा अर्धा भाग दिसला. कोणी हसलं नाही. तलाठी चिखलात बुटासकट उतरला होता आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

भाऊनं दोन्ही हात त्या पंखावर फिरवले. ‘बाबा,’ तो म्हणाला, ‘तुमी जे गेलं म्हनत होते, थेच राह्यलं पाहा.’ मग तो हसला. इतक्या वर्षांत मी त्याला मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. आवाज थोडा त्या पत्र्यासारखाच होता.

पंख वर काढून बोडीच्या पाळीवर ठेवला. मग काय, जो तो शहाणा झाला. एक म्हणाला, ग्रामपंचायतीच्या दारावर लावू. दुसरा म्हणाला, शाळेत लावू. ज्यानं चुन्याची गोष्ट काढली होती तो पंखाशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता आणि लोकांना सांगत होता की त्यानं आधीपासूनच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंख पाहायला गेलो. पत्र्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके उठले होते. रिबिटांच्या भोवती जास्त. ऊन वर आलं तसे आणखी उठले. जमिनीत हवा नव्हती तोवर तो शांत होता, वर आला आणि हवेनं त्याला धरलं.

‘भाऊ, याले बाहेरची हवा मानवून नाई राह्यली.’

त्यानं ठिपक्यावर बोट फिरवलं, काल राखेतल्या रेघेवर फिरवलं होतं तसंच जपून. मग विचारलं, ‘मंग याले काय मानवते?’

‘थोच चिखल. ओला. राखेशिवाय.’

‘आनि नळ्याले?’

‘नळ्याले राख. कोरडी.’

‘मंग तसंच ठेवू.’

पाळीवर जमलेले लोक कावले. ‘अरे बुढाजी, पुन्हा पुरता? मंग काढलं कायले?’

‘काढलं म्हनून तं कळलं कसं ठेवाचं,’ भाऊ म्हणाला. आणि विषय संपला.

नळ्या त्याच्या घरी गेल्या. बाईनं एक मोठी ढोली रिकामी केली, आतून शेण लिंपून वाळवली, आणि त्याच राखेचा थर घालत नळ्या, चाक आणि इंजिनाची नळकांडी तिच्यात रचली. पांढऱ्या भुकटीचं काय करावं ते कोणाला कळेना. ती बाईनं एका मडक्यात भरली आणि त्याच ढोलीवर ठेवली. मी म्हटलं, बाई, त्याचं आता काही होत नाही. ती म्हणाली, ‘होत नाई तं नाई. त्यातलंच आहे ना?’

पंखासाठी भाऊनं आपल्याच बांधीतली जागा निवडली. सगळ्यात खोलगट, जिथं कन्हार होती आणि पाणी उन्हाळा लागेपर्यंत राहायचं. रस्त्यापासून दूर. बाजाराचा दिवस उद्यावर आला होता, हातानं तेवढं खोल जाणं होणार नव्हतं. ऑपरेटरनं न विचारता खिशातून किल्ली काढली. ‘आता तं दात चालन ना बुढाजी? रिकामी जागा आहे.’

‘आता चालन.’

मशीननं खड्डा केला, बोडीतलीच काळी माती त्यात टाकली, पाणी सोडलं आणि तिचा चिखल केला. पंख ओल्या पोत्यांत गुंडाळून आम्ही आणला. आठ जणांनी धरला होता, मी सांगताना चाळीस सांगतो. त्याला आडवा उतरवला, वरून चिखल टाकला, आणि मग रोवण्याच्या आधी चिखल तुडवतात तसं सगळे आत उतरून तुडवू लागले. हवेचा एक बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे मी सांगितलं होतं, आणि आता भाऊ ते प्रत्येकाला ओरडून सांगत होता. तलाठी घरून चप्पल घालून आला होता, तीही त्यानं काढून ठेवली. एकमेकांचे खांदे धरून आम्ही गोल फिरत होतो. बाई सगळ्यांच्या पुढं.

‘मिस्त्री,’ भाऊनं विचारलं, ‘हे आता किती वर्स राहीन?’

शंभर म्हणता आलं असतं. हजार म्हणालो असतो तरी त्या दिवशी कोणी हसलं नसतं.

‘मले नाई माहीत भाऊ.’

त्यानं मान हलवली. उत्तर त्याला पटलं असावं. ‘मंग पाच पावसाळ्यानं एक कोपरा उघडून पाहू. ठिपके दिसले तं दुसरी माती पाहू.’

‘पाच पावसाळ्यानं तुमी किती वर्साचे होसान, माहीत आहे का?’ बाई पुढून म्हणाली.

‘थे मोजाचं काम नाई आता,’ भाऊ म्हणाला. ‘पाय चालव. इथी, माह्या डाव्या बाजूले, अजून पोकळ लागते.’

आम्ही सगळे त्याच्या डाव्या बाजूला सरकलो.